बॉलला भोकं कुठं पाडायची?

बॉलिंगच्या बॉलला भोक पाडायला लागलं की मशीनखाली भुसा साठतो. लाल, निळा, चमचमणारा. कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग! किस्स्यांचं तसंच आहे. मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. लोक स्टुलावर बसून हात पुढं करतात, मी बोटांची मापं घेतो, आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे ते आपोआप बोलायला लागतात. आपण फक्त 'हं, हं' करायचं.

शिरवळला हायवेवरच्या एका फूड मॉलच्या वरच्या मजल्यावर आमचं बॉलिंग आहे. चारच लेन, म्हणजे बॉल घरंगळत सोडायच्या लांब पट्ट्या; टोकाला पाडायच्या दहा पिना. मी आधी इथल्याच एका कारखान्यात ड्रिल मशीनवर होतो. आता लेनच्या मागच्या खोलीत बॉलला भोकं पाडतो. आमच्या आईला कुणी विचारलं, "दत्ता काय करतो हल्ली?" तर ती सांगते, "भोकं पाडतो." आणि पुढं काही बोलतच नाही!

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. बॉल नुसता गोल दगड नसतो. आंब्यात कोय असते तसा त्याच्या पोटात एक जड गाभा असतो. त्या गाभ्याचं डोकं कुठं आहे हे दाखवायला बॉलवर एक रंगीत ठिपका असतो. दोन बोटांची दोन आणि अंगठ्याचं एक, अशी तीन भोकं त्या ठिपक्यापासून किती लांब आणि कुठल्या बाजूला पाडायची, हे ठरवणं म्हणजे लेआउट. भोकं एका जागी पाडली तर बॉल सुरुवातीपासून हळूहळू वळत जातो. दुसऱ्या जागी पाडली तर सरळ जातो आणि शेवटी फाडकन वळतो. आणि एकदा ड्रिल आत गेलं की गेलं! भोक बुजवता येतं, पण डाग राहतो. म्हणून भले भले माझ्या स्टुलावर बसून घाम पुसतात.

साताऱ्याच्या एक ताई आल्या होत्या. सगळी मापं झाली, ठिपका ठरला. मी ड्रिल सुरू करणार तेवढ्यात म्हणाल्या, "एक मिनिट! अंगठ्याचं भोक दक्षिणेला येत नाही ना?"

म्हटलं, "ताई, बॉल गोल फिरत जातो. दिशा कुठली धरायची?"

ताईंनी हवेतच बोट गोल फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मग जाताना दक्षिण किती वेळा येते?"

*

रविवारी सकाळी आमचा ठरलेला कंपू जमतो. त्यातले चौगुले अण्णा सांगलीचे, हळदीचे व्यापारी. त्यांची मुलगी प्राजक्ता शिरवळच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिला भेटायला म्हणून अण्णा रविवारी येतात, आणि तिला भेटून झालं की लगेच लेनवर! जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवणार. त्यामुळं दुपार कलली की ते एक डोळा पिनांवर आणि एक खिडकीवर ठेवून खेळतात.

अण्णांनी पहिला बॉल घेतला तेव्हा लेआउट ठरवायला कित्येक रविवार घालवले. आधी दुसऱ्यांच्या बॉलचा भुसा चिमटीत घेऊन चोळून बघितला, वास घेतला. हळदीचा नमुना बघतात तसा! शेवटी एकदा ठरलं. पण सांगायला तयार होईनात. खोलीत डॉक्टर मानसी बसल्या होत्या. त्या शेजारच्याच खंडाळ्याच्या, दातांच्या डॉक्टर आणि खेळात अण्णांच्या कट्टर प्रतिस्पर्धी.

अण्णांनी खिशातून मोठा रुमाल काढला. "दत्ता, हात आण जरा."

मी हात पुढं केला. त्यांनी त्यावर रुमाल टाकला आणि खालून माझी बोटं दाबली. त्यांच्या वडिलांच्या काळात हळदीचा सौदा असाच व्हायचा म्हणे. रुमालाखाली बोटं दाबायची, भाव दोघांनाच कळायचा.

"कळलं न्हवं?"

मी म्हटलं, "साडेचार इंच का, अण्णा?"

"आरं हळू की! कशाला बोंबलतोस?"

डॉक्टर मानसी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, "अण्णा, भोकं पाडल्यावर बॉलपण रुमालाखालूनच टाकणार का? भोकं सगळ्यांना दिसणारच की!"

अण्णा रुमालाची घडी घालत म्हणाले, "व्हय की! हळदीला भोकं नसत्यात, म्हणून ध्यानातच आलं न्हाई बघा!"

*

कंपूतले तिसरे सुभेदारमामा. रहिमतपूरचे. फौजेतून पेन्शनवर आलेले. बेंगळुरूला पोस्टिंग असताना बॉलिंगचा नाद लागला, तो गावी आल्यावरही सुटला नाही. मामांचं माप घ्यायचं म्हणजे अवघड. स्टुलावरसुद्धा सावधानमध्ये बसतात!

अंगठ्याचं भोक जरा सैल ठेवावं असं मी त्यांना परोपरीनं सांगितलं. उन्हाळ्यात अंगठा सुजतो. पण मामा ऐकायला तयार नाहीत.

"पट्टा टाइट, टोपी टाइट, बूट टाइट. मग भोक का म्हणून ढिलं?"

पाडलं टाइट.

मे महिन्यातला रविवार. मामांनी दणक्यात तीन-चार बॉल टाकले. पुढचा उचलला आणि तिथंच थांबले. हलेनात, बोलेनात. मग अगदी शांतपणे म्हणाले, "दत्ता, ह्यो निघंना झालाय."

अंगठा आत, मामा बाहेर! ओढून बघितलं, फिरवून बघितलं, अण्णांनी तर मामांना मागून कमरेला धरलं. काही उपयोग नाही. शेवटी डॉक्टर मानसी पुढं झाल्या. मामांना खुर्चीत बसवलं. बॉल त्यांच्या मांडीवर. भोकाच्या कडेनं साबणाचं पाणी सोडायला लागल्या. आणि सवयच ती, तोंडातून निघून गेलं, "घाबरायचं नाही मामा. दुखलं तर हात वर करा."

"आवं डॉक्टर, कुठला? ह्यो वर केला तर बॉलबी संगं येतुया!"

थोड्या वेळानं 'फट्' असा आवाज झाला आणि अंगठा बाहेर आला. लालबुंद, पण शाबूत. मामांनी तो वर करून सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या.

डॉक्टर मानसी हात पुसत म्हणाल्या, "आता अर्धा तास काही खायचं नाही."

*

एकदा एक शेठ आले. नाव कशाला सांगू? मोठी गाडी, गळ्यात चेन. सगळ्यांत महागाचे दोन बॉल निवडले, दोन्ही काळे, आत सोनेरी लाटा असलेले. मला आनंद झाला. दोन बॉल घेणारा माणूस म्हणजे जाणकार! एक जास्त तेल लावलेल्या लेनसाठी, एक सुक्या लेनसाठी. मी वही-पट्टी घेऊन समजवायला बसलो. ठिपका कुठं ठेवला तर काय होईल, हात कसा फिरतो. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "दोन्हीचा ठिपका सेम जागेवर पायजे. जोडी दिसली पायजे."

"पण मग दोन्ही बॉल सारखेच वळतील, शेठ."

"वळायचं न्हाई. बसायचंय."

"कुठं?"

"बंगल्याच्या गेटला दोन खांब हायत."

मी म्हटलं, "मग तीन भोकं कशाला?"

शेठ म्हणाले, "एकच पाडा. खालनं. सळई घालाय."

गेलात कधी शेठच्या बंगल्यावरून तर बघा. खांबांवर ऐटीत बसलेत. लेआउट मात्र अगदी काटेकोर आहे हां!

*

प्राजक्ताच्या बॉलची गोष्ट वेगळी. त्या महिन्यात बाप-लेकीचं बोलणं बंद होतं. अण्णांनी जयसिंगपूरचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं, आणि प्राजक्तानं सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. रविवारी दोघं यायचे, पण एक पहिल्या लेनवर आणि एक चौथ्या! मधल्या दोन लेनवर आम्ही, सीमेवर उभं राहिल्यासारखे.

प्राजक्तानं नवा बॉल मागवला. अण्णांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा सांगलीहून मला फोन. "दत्ता, पोरीचा बॉल जरा मवाळ ठेव. हळूहळू वळणारा. शेवटाला एकदम वळणारा नगं. नेम न्हाई त्याचा, कडंच्या पन्हाळीत जातोय."

संध्याकाळी कंपनी सुटल्यावर प्राजक्ता आली. "दत्ताकाका, मला शेवटी फाडकन वळणारा हवा."

मी अण्णांचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "मग तो बॉल पप्पांनीच टाकावा."

माझ्या जिवाला घोर. इकडं तीस वर्षं मुरलेला व्यापारी, तिकडं त्याचीच पोरगी. पुढच्या रविवारी मी बॉल मशीनमध्ये आवळून ठेवला, दोघांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "एका बॉलला एकच लेआउट. तुम्ही दोघं ठरवा, तोवर मी चहा पिऊन येतो."

खाली जाऊन चहा घेतला. मुद्दाम सावकाश घेतला. वर येताना जिन्यात कान दिला, तर आतून चकार शब्द नाही. म्हटलं संपलं! आता बॉल तसाच परत पाठवायचा.

दार लोटलं. अण्णांनी प्राजक्ताचा पंजा स्वतःच्या पंज्यावर ठेवला होता आणि निरखून बघत होते.

मला म्हणाले, "हिचा हात बघितलास? थेट माझ्या आईगत हाय. तीच लांब बोटं."

प्राजक्तानं हात तसाच राहू दिला.

"आईबी कुणाचं ऐकायची न्हाई," अण्णा म्हणाले. मग खुर्ची मागं सारून उठले. "पाड दत्ता. तिला पायजे तसंच पाड."

ड्रिल चालू असेपर्यंत दोघं काचेपलीकडं उभे होते. जवळजवळ.

त्या स्थळाला अण्णांनी काय कळवलं, मी विचारलं नाही. एवढं माहीत आहे की पुढच्या दोन-तीन रविवारांत प्राजक्तानं अण्णांना ओळीनं हरवलं. तिसऱ्या वेळी हरल्यावर अण्णा स्वतःचा बॉल घेऊन माझ्या खोलीत आले. दार लावलं. इकडं तिकडं बघितलं आणि खिशातून रुमाल काढला.

मी हात पुढं केला. त्यांनी बोटं दाबली. प्राजक्ताचाच आकडा!

"भोकं बुजवून परत पाड," म्हणाले. "आन् तिला सांगू नगंस."

*

मागच्या हिवाळ्यात सुभेदारमामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बरेच महिने आले नाहीत. आम्ही दोनदा रहिमतपूरला जाऊन भेटून आलो. बोलायचे नीट, पण उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा आणि मामा त्याच्याकडं बघायचे नाहीत.

मग एका रविवारी बायकोचा, म्हणजे आमच्या काकींचा, हात धरून जिना चढून वर आले. बरोबर नवा बॉल. हलक्यातला, जांभळा.

काकी आम्हाला नव्या नव्हत्या. त्या नेहमीच मामांबरोबर यायच्या, पण मागच्या बाकावर बसून पिशवीतली मेथी निवडायच्या. बॉलला कधी हात लावला नाही. मामा फौजेत असताना सगळी वर्षं त्या रहिमतपूरलाच. सासू-सासरे, उसाचं रान, दोन म्हशी. मामा रजा मिळेल तेव्हा यायचे, रजा संपली की जायचे.

मामा खोलीत आले. मला वाटलं, डाव्या हातानं खेळायचं ठरवलंय. डाव्या हाताचा लेआउट उलटा असतो, आरशात बघितल्यासारखा. मी पट्टी काढली आणि मामांच्या डाव्या हाताकडं वळलो.

"माजं नगं," मामा म्हणाले. "हिचं घे."

काकी दचकल्या. "माजं? आवं, माजं कशाला?"

"मला बसून बघाय तरी कायतरी पायजे न्हवं?"

काकींनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग पदराला हात पुसले आणि स्टुलावर बसल्या. मी मापं घेतली. हात लहान, पण पकड अशी की माझीच बोटं कळवळली.

मग मी सगळ्यांना विचारतो तेच विचारलं. "काकी, जवळपास सरळ जाणारा करू, का वळणारा?"

"वळणारा," काकी म्हणाल्या. जराही थांबल्या नाहीत.

मामा म्हणाले, "आगं, वळणारा अवघड असतोय. तुला जमायचा न्हाई. सरळ घे."

काकी माझ्याकडंच बघत म्हणाल्या, "सरळ जाणाऱ्यासंगं जमवलं न्हवं एवढी वर्सं? मग ह्यो बी जमंल."

अण्णा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

भोकं पाडून झाली. डॉक्टर मानसींनी काकींना लेनवर नेऊन बोटं कशी घालायची, हात कसा सोडायचा ते दाखवलं. मामांना खुर्ची पुढं आणून दिली. पहिले काही बॉल कडंच्या पन्हाळीत गेले. मामा तोंडातल्या तोंडात सूचना देत होते, काकी ऐकत नव्हत्या. चप्पल काढून ठेवल्यावर लेनवर घालायचे बूट त्यांना दिले होते. साडीवर ते बूट घालून त्या पुन्हा पुन्हा येऊन उभ्या राहत होत्या.

मग एक बॉल गेला. उजव्या कडेनं, अगदी पन्हाळीला चिकटून. आम्हाला वाटलं हाही गेला. आणि शेवटी-शेवटी तो वळला! असा वळला की मी स्वतः पाडलेली भोकं असूनही मला खरं वाटेना. कोपऱ्यातल्या दोन सोडून सगळ्या पिना आडव्या!

आम्ही ओरडलो. अण्णांनी टोपी उडवली. मामा डावा हात खुर्चीवर आपटत म्हणाले, "आगं, बघ की! किती पाडल्यास बघ तरी!"

पण काकी लेनकडं बघतच नव्हत्या. टाकलेला बॉल लेनच्या खालून परत येतो आणि आपल्या बाजूच्या मशीनच्या तोंडातून बाहेर पडतो. काकी त्या मशीनच्या कडेवर हात ठेवून, वाकून, त्या काळोख्या तोंडात डोकावत उभ्या होत्या.

"पडू द्या की," त्या म्हणाल्या. "ह्यो माघारी कवा येतुया, तेवढंच बघतीया."