तपासणीचे तीन दिवस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी नापास केलेली नाही अशी एक वस्तू चेन्नईच्या आमच्या अख्ख्या अंबत्तूरमध्ये दाखवा, मी मिशी उतरवून देतो. संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर तोच कारखाना घरी आणला. नाक्यावरच्या इडलीवाल्या बाईला एकदा तमिळमध्ये सुनावलं की तुझ्या चार इडल्या चार जाडीच्या आहेत. ती म्हणाली, "अय्यो सार, जाड असेल ती आधी खा!" माझ्या मुलीच्या नव्या स्कूटरचे पेढे द्यायला गेलो, तर पेढा हातात तसाच धरून खाली आले, वाकून एकेक नट बघितला आणि म्हणाले, "मागचा ढिला आहे. पोरीला बसू देऊ नकोस." असा चिडलो होतो मी! मग पाना लावून पाहिला. खरंच ढिला होता!

अशा माणसाबरोबर काकूंनी पंचेचाळीस वर्षं कशी काढली, देव जाणे. मूलबाळ नाही. काचबिंदूने काकूंची नजर गेलेली. रोज संध्याकाळी काकांचं कोपर धरून त्या खाली उतरायच्या, कॉफीच्या दुकानापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. काका त्यांना वाटेतलं सगळं सांगत, अर्थात शेरे मारत. दुसऱ्या कुणाचा हात काकू धरत नसत. माझ्या बायकोने एकदा नेलं, तर चार पावलांत माघारी फिरल्या. काकांचं चालणं थांबलं की काकूंचं बाहेरचं जग बंद, इतकी साधी गोष्ट होती.

आणि हाच माणूस न्हाणीघरात घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, तेही तीन-चार तुकड्यांत. दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी, बोलायला गोड पण स्पष्ट. म्हणाली, "अंकल, हे तुकडे जागेवर राहणारे नाहीत. मांडीच्या हाडात दांडा आणि वर खुब्यात स्क्रू घालावा लागेल. आजउद्याच करू या. या वयात नुसतं पडून राहिलं की छाती भरते."

काका म्हणाले, "दांडा आधी दाखवा."

दांडा निर्जंतुक पाकिटात बंद. पाकीट फोडलं की तो शरीरात घालता येत नाही. काका म्हणाले, मोजल्याशिवाय सही करणार नाही. डॉक्टरने समजावलं, नर्सने समजावलं, शेवटी कंपनीच्या माणसाकडून तसाच नमुना मागवायचं ठरलं. तो यायला तिसरा दिवस उजाडला. आणि मी? मी काय करत होतो? मी हसत होतो हो! कामावर, माझ्या बँकेत जाऊन सगळ्यांना किस्सा रंगवून सांगत होतो. काकांनी घरून व्हर्नियर मागवला, म्हणजे जाडी मोजायचं त्यांचं पोलादी हत्यार, तेही मीच धावत नेऊन दिलं. "काका, सही करा आता," एवढं एक वाक्य दरडावून म्हणायला मला काय झालं होतं?

पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी नमुना मोजला. स्क्रूचे आटे नखाने चाचपले. "पास," म्हणाले आणि सही केली.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभंही केलं. दोन पावलं टाकली आणि काका वॉकरवरच्या आपल्या हातांकडे बघत थांबले. मला म्हणाले, "अरे, दोन्ही हात यातच गुंतले की. ही काय धरणार?"

"थोडे दिवस, काका. मग काठी येईल, एक हात मोकळा."

"काठी मी बघून घेईन," ते म्हणाले.

काठीची वेळ आलीच नाही. ताप चढला, छाती भरली. डॉक्टर मला म्हणाली की उशिराने धोका वाढतो, पण त्यानेच झालं असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. भली मुलगी. नवव्या दिवशी काका गेले.

महिनाभर काकू घराबाहेर पडल्या नाहीत. मग एका संध्याकाळी जिन्यातूनच त्यांनी मला हाक मारली, "येतोस का रे जरा?" आणि माझं कोपर धरलं. माझी पावलं कधी लांब पडत होती, कधी आखूड. तरी त्या माघारी फिरल्या नाहीत. कॉफीच्या दुकानापाशी मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, माझं चुकलं. ते तीन दिवस मी नुसता मजा बघत बसलो. घाई करायला हवी होती."

काकू म्हणाल्या, "मला बघायला ते चार वेळा आले होते. चौथ्यांदा आमचे वडील वैतागून म्हणाले, आता पोहे मिळणार नाहीत. तेव्हा कुठे हो म्हणाले. तू रे कोण त्यांना घाई करणारा?"

आणि चक्क हसल्या. दुकानदाराने कॉफी पुढे केली. मी ती त्यांच्या हातात नीट दिली आणि तिथेच, भर रस्त्यात, मला रडू फुटलं.