कापसाच्या खोकल्याचा मध

"इंग्रजी शिकलेल्या हातानं मध आंबन नाही तं काय होईन?"

सासूबाई परसातल्या कुडापलीकडच्या शेजारणीला सांगत होत्या. मी भिंतीच्या अलीकडे वाती वळत बसले होते. शेजारीण म्हणाली, पोरगी दिसायला तर गरीब आहे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "बोलत नाही ना, मनून तसं वाटते."

वात माझ्या बोटात तुटली. मी दुसरी वळायला घेतली.

आंबलेली बरणी अंगणातच होती. तोंडाला बांधलेलं फडकं फुगलं होतं, त्यातून फेस ओघळला होता आणि वास मोहाच्या दारूचा येत होता. त्या बरणीला माझा हात एकदाच लागला होता, कोठीतून उन्हात आणून ठेवताना. सासूबाईंना तेवढं पुरलं. पापड, लोणची, मध, साठवणीच्या कशालाही मी यापुढे शिवायचं नाही, कोठीचा उंबरा ओलांडायचा नाही, असं त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. ज्या सुनेला कोठी बंद, ती त्या घरात पाहुणीच. माझ्या नवऱ्याने मान खाली घालून भाकर मोडली.

माझं लग्न लहानपणीच झालं होतं. पण वडील मुंबईला कारकून होते, त्यांनी मला पादरीणबाईंच्या शाळेत घातलं आणि सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. अमरावतीला सासरी आले तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन पुस्तकं होती. ती कुणी उघडली नाहीत, पण घरात काही बिनसलं की सगळ्यांची नजर त्या ट्रंकेकडे जाई.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीला भाव आला होता. मामंजींनी ज्वारीची शेतं मोडली, तिळाची मोडली, विहिरीजवळचा मिरचीचा तुकडाही कापसाखाली घातला. घरात, अंगणात, माळ्यावर कापूसच. त्याची तूस हवेत तरंगे, दुधावर बसे, नाकात जाई. सगळं घर खोकत असे. त्या खोकल्यावर एकच औषध होतं, तिखट मध. सेमाडोहाकडचा डोंगरी माणूस दुधीच्या तुंब्यात मध घेऊन येई. तो गाळून बरणीत भरायचा, त्यात वाळलेल्या लाल मिरच्या बिया काढून तोडून टाकायच्या, थोडी सुंठ, चार लवंगा, आणि तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. मध विस्तवावर तापवायचा नाही, हे सासूबाई प्रत्येक वेळी बजावत. चमच्याचं टोक जिभेवर ठेवलं की आधी गोड लागे आणि मग घसा उघडे.

मी बोलत नसे, पण बघत असे. आधीच्या साली मिरची घरच्या शेतातली होती, ती कुणी धुतली नव्हती. या साली ती अकोल्याच्या बाजारातून आली. किती जणांचे हात लागले असतील, म्हणून सासूबाईंनी ती आंघोळ करून, ओल्या लुगड्याने, विहिरीच्या पाण्यात धुतली आणि वरवर सुकल्यावर मधात टाकली. फेस आला तो आधी मिरचीच्या तुकड्यांभोवतीच आला. विटाळ धुवायला वापरलेलं पाणीच मधात गेलं होतं. हे मला दिसत होतं. सांगण्याचं धाडस नव्हतं.

फाल्गुनात दुसरा तुंबा आला. सासूबाईंनी मिरच्या पुन्हा धुतल्या आणि अंगणात फडक्यावर पसरल्या. त्या दिवसांत मी विटाळशी, बाजूला बसले होते. गोठ्याशेजारच्या पडवीत माझी चटई होती. वेचणीला मजूर मिळत नव्हते, म्हणून घरच्या बायकाही शेतात गेल्या. जाताना सासूबाई बजावून गेल्या, "सावलीबी पडू देऊ नको."

दुपारी आभाळ आलं. मी पडवीतून मिरच्यांकडे पाहत राहिले. मग उठले. एक मिरची वाकवून पाहिली. वाकली, तुटली नाही. संध्याकाळी या मधात जाणार, मध आंबणार, आणि तेही माझ्याच नावावर. आता सावलीवरून तरी कशाला भ्यायचं?

मी मिरच्या ओच्यात घेतल्या आणि स्वयंपाकघरात गेले. चुलीत निखारा होता. तवा ठेवून मिरच्या मंद आचेवर गरम केल्या, हाताने हलवत राहिले, कट्‌कन मोडेपर्यंत. ठसका असा उठला की कुडापलीकडून शेजारीण खोकत ओरडली, काय जाळून राहिली वं? मी पदर नाकाला लावून तवा उतरवला. मग दारं-खिडक्या उघडल्या, तवा घासून जागेवर ठेवला, मिरच्या फडक्यावर होत्या तशा पसरल्या आणि चटईवर जाऊन बसले.

सासूबाई आल्या त्या खोकतच. तूस लई उडून राहिली आज, म्हणाल्या. मिरची मोडून पाहिली आणि उन्हाचं कौतुक केलं, ढगाळ दिवशी.

जेठात नणंदबाई अकोल्याहून माहेरपणाला आल्या. फाल्गुनात भरलेली बरणी उघडली. मध ताम्रवर्णी, स्वच्छ, वास नाही की फेस नाही. त्यांनी बोट बुडवून चाटलं, डोळ्यांत पाणी आलं आणि हसून म्हणाल्या, "माय, असा मध तं आमच्या घरी जावायालेबी भेटत नाही." मग माझ्याकडे पाहून, "वयनी, तुमीबी शिका हे. पुस्तकात नसते."

"तिले दूर ठेवली, मनून टिकला," सासूबाई म्हणाल्या. "सावली पडू देली नाही."

मामंजी ओसरीवर होते. नवरा दारात होता. मी भाकरीची परात खाली ठेवली. या घरात मी त्यांच्या बोलीत कधी बोलले नव्हते. मुळात फारशी बोललेच नव्हते.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "तुमच्या धुतलेल्या मिरच्या वल्ल्या होत्या. मी बाजूले बसली होती, तवाच त्या उचलल्या, चुलीवर याच हातानं वाळवल्या. मनून मध टिकला. आता पुढची बरनी मी भरीन, आन् कोठीत जाऊन भरीन."