ओळंबेरावांच्या टाकीतला कोतवाल

लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे ओळंबेराव म्हणत. लिफ्ट ज्या रुळांवर वरखाली धावते, ते रूळ सरळसोट उभे असावे लागतात. केसभर कललेलं चालत नाही. वरून वजन बांधलेली दोरी, म्हणजे ओळंबा, सोडून ते तपासायचे, आणि ही दोरी सोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सवय अंगात इतकी मुरली होती की कुणाकडे जेवायला गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत, मग खुर्चीत बसत. लग्नाच्या फोटोत ते बायकोकडे न बघता मागच्या कमानीकडे बघताहेत, कारण कमान डावीकडे झुकली होती. हा फोटो त्यांची बायको आल्यागेल्याला आवर्जून दाखवते.

अशा माणसाने मासे पाळावेत, आणि तेही सिक्लिड, हे नवलच. एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते, तिथल्या काचेच्या टाकीत निळे-पिवळे मासे पाहिले आणि माणूस खुळावला. हे मासे मूळचे दूरच्या एका मोठ्या तळ्यातले, खडकांच्या कपारींत राहणारे. दिसायला देखणे, वागायला पक्के गुंड. कपार माझी, कपारीपुढचं अंगण माझं, आणि तुम्ही तिकडे बघितलंत तरी मार खाल, असा एकूण खाक्या.

टाकी बसली पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. तीच खिडकी बायकोला शिलाई मशीनसाठी हवी होती. सगळी इमारत तिला काकू म्हणे आणि कपडे शिवायला तिच्याकडेच येई. मशीन आतल्या कोपऱ्यात होतं. काळ्या कापडावर काळा धागा घालायचा तर भर दुपारी दिवा लावावा लागे.

"मासे उजेडात काय वाचतात का?" काकू विचारायच्या.

"उजेडात त्यांचा रंग खुलतो गं."

"माझाही खुलेल. बसवून तर बघा."

यावर ओळंबेराव काच पुसायला लागायचे.

खरा त्रास सुरू झाला तो टाकीतला सर्वांत मोठा निळा नर वयात आल्यावर. अंगावर काळे पट्टे, चालण्यात ऐट. काकूंनीच त्याचं नाव कोतवाल ठेवलं. त्याने एकाचे कल्ले फाडले, दुसऱ्याची शेपटी कुरतडली, आणि एका सकाळी एक मासा पाण्यावर उताणा तरंगताना दिसला. पाठोपाठ आणखी एक. काकूंनी कात्री खाली ठेवली.

"अहो, हे बघा. मी इथे बसून कपडे शिवते, आणि समोर रोज खून. आता आणखी एक जरी गेला, तर टाकी विकून टाकायची. सांगून ठेवते."

काकू बोलल्या की बोलल्या. ओळंबेरावांचा जीव टांगणीला लागला. त्यात पिवळीने भर घातली. पिवळी म्हणजे कोतवालाच्याच जातीची मादी. या जातीत नर निळा, मादी पिवळी. तिने खाणं सोडलं आणि तिचा गळा सुपारी धरल्यासारखा फुगला. या माद्या अंडी तोंडात घेऊन बसतात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत घास घेत नाहीत. आधीच अशक्त, त्यात कोतवाल तिला क्षणभर टेकू देईना. बिचारी पाण्याच्या पंपामागे अंग चोरून उभी असायची. पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ओळंबेरावांनी कोतवालाला बादलीत काढलं. घरात शांतता पसरली, ती जेमतेम जेवणं होईपर्यंत. मग आजवर शेपूट घालून राहिलेला ठिपक्या नावाचा मासा रिकाम्या जागेवर आला, छाती काढून फिरला आणि त्याने पहिली धाव पिवळीवरच घेतली.

"साहेब बदलले, कचेरी तीच," काकू म्हणाल्या.

कोतवाल पुन्हा टाकीत गेला आणि ओळंबेराव मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे.

"काका, दगड हलवा," दुकानदार म्हणाला. "दिवा बंद करा, सगळे दगड उचला आणि पुन्हा नव्याने रचा. जुनी कपार सापडली नाही की दादा-बिदा सगळे पाहुणे होतात. पाहुणा घरमालकावर कुठे ओरडतो?"

एवढं सांगितलं, पण कसे रचा हे सांगायचं तो विसरला, आणि कुणाला सांगतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. ओळंबेरावांनी रविवार त्यात घालवला. डावीकडे एक मनोरा, उजवीकडे तसाच दुसरा. दोन्हींच्या मधोमध मोकळं मैदान. प्रत्येक दगड पट्टी लावून बसवला. काम असं झालं की बघत राहावं.

बघत राहिला तो कोतवाल. थोडा वेळ बावरला, मग मैदानाच्या मध्यावर येऊन थांबला. तिथून त्याला इकडचा कोपरा दिसत होता, तिकडचा दिसत होता, आणि पंपामागची पिवळी तर थेट समोर. आता त्याला पळायचीही गरज उरली नाही. नुसता वळला तरी सगळी टाकी चळाचळा कापायची.

काकू काज करत होत्या. सुई तशीच धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, तुम्ही त्याला चौकी बांधून दिलीत."

"चौकी?"

"मग काय! आम्ही सहा बहिणी एका खोलीत वाढलो. आई मधे चादर टांगायची म्हणून जिवंत राहिलो. थोरलीला आम्ही दिसलो की आमच्यासाठी काहीतरी काम आठवायचं. दिसलोच नाही, तर तीही गप्प पडून राहायची. तुमच्या टाकीत चादर कुठाय?"

इतकी वर्षं ओळंबेराव रूळ सरळ करत आले, आणि सरळ रेषेतून नजरही सरळ जाते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पुन्हा रचतो," ते म्हणाले.

"नुसतं रचू नका. टाकीच हलवा. आतल्या भिंतीला लावा. उजेड नवा, बाजू नवी, दगड नवे. कोण कुठला, कुणालाच कळणार नाही."

ओळंबेरावांनी डोळे बारीक केले. "यात तुझं मशीन खिडकीपाशी येतं."

"येतंच की. मी काय संन्यास घेतलाय?"

ओळंबेराव बादल्या आणायला उठले. जुनं पाणी बादल्यांत भरलं. गाळणीचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवला, नाहीतर त्यातले उपयोगी जंतू मरतात. दगड निघाले. राहिली पिवळी. जाळीत धरली तर घाबरून अंडी थुंकायची भीती. काकूंनी बाही सारली, पाणी चार बोटं उरल्यावर तांब्या आडवा धरला आणि "ये बाई, ये" करत तिला पाण्यासकट आत घेतलं.

नव्या जागी दगड काकूंनी लावले. ओळंबेरावांना फक्त ते डगमगत नाहीत ना, एवढंच बघायची परवानगी होती. एक आडवा, एक तिरका, एक दुसऱ्याच्या उरावर; कुठूनही बघा, पलीकडचं काही दिसेना. ओळंबेरावांच्या बोटांना खाज सुटली होती, पण हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

कोतवाल सगळीकडे हिंडला. प्रत्येक वळणावर कुणीतरी भेटे, आणि धावून जावं तर तो दगडाआड गडप. शेवटी दमून त्याने एक कपार धरली आणि तिच्या दारात गुरगुरत बसला. पिवळीने मागच्या बाजूची, कुणाला न दिसणारी फट गाठली.

पुढचे दिवस घरात कुणी मोठ्याने दारसुद्धा लावलं नाही. मापं द्यायला आलेल्या एका बाईने काचेवर टिचकी मारली, तर काकूंनी तिला असं झापलं की ती कापड विसरून गेली.

मग एका दुपारी ओळंबेराव कामावरून आले तर खिडकीतलं मशीन बंद आणि काकू टाकीपुढे जमिनीवर बसलेल्या. पिवळी मोकळ्या तोंडाने पाणी पीत होती, आणि दगडांच्या फटीत तांदळाच्या कणीएवढे ठिपके हलत होते.

"सगळी नाही जगायची," ओळंबेराव हलकेच म्हणाले.

"जगतील तेवढी जगतील. कोतवालाचं तोंड त्या फटीत शिरत नाही, मी बघितलंय." काकू उठल्या नाहीत. "बसा. विकायचं काही बोलू नका आता."

ते बसले. एवढ्यात एका कणीने शेजारच्या कणीवर झडप घातली आणि तिला फटीबाहेर हुसकावून लावलं. जन्मून दिवसही झाला नव्हता.

"अगं बाई, आत्तापासून?" काकू म्हणाल्या, आणि दोघं हसत सुटले.