अप्पांच्या गाडीतली वाट चुकलेली बाई

"तुमच्या त्या बाईनं आम्हाला केळीत नेऊन घातलं," अप्पा काउंटरवर चावी आपटत म्हणाले. "पोरीसाठी स्थळ बघायला निघालो होतो, बाबा. तिकडं पाव्हणे पोहे करून बसले, अन् आम्ही इकडं अर्धापूरच्या बागेत केळीचे घड मोजून राहिलो!"

बाई म्हणजे गाडीच्या स्क्रीनमधून "पुढे उजवीकडे वळा" असं सांगणारा आवाज. अप्पा निलंग्याचे, बियाण्यांचे व्यापारी. आणि मी नांदेडच्या एका वर्कशॉपमधला डायग्नोस्टिक टेक्निशियन. ज्या बिघाडाला पाना लागत नाही तो लॅपटॉप लावून शोधणारा माणूस. निदान माझ्या टेबलावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं.

अप्पांची ही तिसरी खेप. तक्रार तीच. स्क्रीनवरचा बाण रस्ता सोडून शेतात शिरतो, तळ्यात पोहतो, आणि बाई शांतपणे यू-टर्न घ्यायला सांगते.

पहिल्या खेपेला मी सॉफ्टवेअर अपडेट केलं, नकाशा नवा भरला, बायपासला चक्कर मारली. बाण रस्त्यावर खिळल्यासारखा. गाडी दिली. आठवड्यात परत. दुसऱ्या खेपेला मी इरेला पेटलो. वॉरंटीत अख्खी स्क्रीन बदलली, अँटेना बदलला, पुन्हा चक्कर मारली. बाण पुन्हा शहाणा. गाडी दिली. गाडी परत.

आता गाडी माझ्याजवळ नीट चालते आणि अप्पांजवळ बिघडते, तर दोष कुणात असणार? मी जॉबकार्डवर सरळ लिहून टाकलं, "कस्टमरला फीचर हाताळता येत नाही." पदवीधर माणसाचा माज असा एका ओळीत मावतो.

ते कार्ड अप्पांनी चष्मा वर करून वाचलं. दोनदा.

"म्हंजे मी अडाणी."

"तसं नाही अप्पा. पण मोबाइलवर नकाशा लावून बघा ना."

"मोबाइलच लावायचा तर ह्या टीव्हीची काय पूजा करू?"

"मग चौकात कुणाला तरी विचारायचं..."

"एवढी मोठी गाडी घेऊन, काच खाली करून, पत्ता विचारू? मग गाडी कशाला घेतली, टमटमनं गेलो असतो की!"

आवाज ऐकून आमचे वर्क्स मॅनेजर पाटील सर केबिनमधून बाहेर आले. अप्पांनी त्यांनाही सगळं ऐकवलं. रविवारी देगलूरकडं दुसरं स्थळ होतं. मुलाकडच्यांनी दुपारी बाराला बोलावलेलं, आणि ती माणसं वेळेची पक्की. आधीच्या वेळी अप्पा दोन तास उशिरा पोचले, तर तिकडून निरोप आला की तुम्हाला गरज दिसत नाही.

"पोर म्हणाली, अप्पा, आता हे शेवटचं. ह्याच्यानंतर मला कुणाचं घर सांगू नका." अप्पांचा आवाज एकदम उतरला. "आता बोला."

सर माझ्याकडं वळले. "जाधव, रविवारी तू गाडीत बसून जायचंस. बारा म्हणजे बारा. न्हाई पोचलात, तर सोमवारपासून तू वॉशिंगला."

रविवारी सकाळी अप्पा आणि त्यांची बायको, काकू, हजर. नेहमीप्रमाणे मी रिसेप्शनच्या कपाटातून अप्पांचा देव काढून त्यांच्या हातात दिला. गाडी आत घेतली की लिफ्ट, तेलकट हात, बूट. तिथं देव कसा ठेवणार? म्हणून आधी हात धुवायचे, डॅशबोर्डवरचा देव कोऱ्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवायचा, जाताना मालकाच्या हाती द्यायचा. हा नियम मीच काढला होता. त्याबद्दल नोटीस बोर्डावर माझा फोटोही लागला होता. अप्पांचा देव म्हणजे पितळी नंदी, त्याच्यापुढं पिंडी, आणि दोघांच्या खाली ताटाएवढी तांब्याची थाळी. अप्पांनी ती काचेजवळ रबरी मॅटवर बसवली, हात जोडले, आणि आम्ही निघालो.

मी पुढं, मांडीवर लॅपटॉप. काकू मागं, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स.

नायगावपर्यंत बाई बरोबर होती. मी मागं वळून काकूंकडं असं पाहिलं, जणू त्या बाईला मीच जन्म दिला. नरसी सोडली आणि बाण हळूच डांबरीवरून उतरून कापसात शिरला. "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या."

"आली अंगात," काकू म्हणाल्या.

मी लॅपटॉप पाहिला. ह्या यंत्राला आपण कुठं आहोत हे आकाशातल्या उपग्रहांवरून कळतं. चार तरी दिसावे लागतात. वर्कशॉपच्या अंगणात अकरा दिसत होते. इथं, उघड्या माळावर, शून्य.

मग इतका वेळ बाण चालला कसा? तर उपग्रह दिसेनासे झाले की यंत्र चाकांचे फेरे आणि वळणं मोजून अंदाजानं बाण ढकलतं. डोळे बांधलेला माणूस पावलं मोजत चालतो तसं. सरळ रस्त्यावर तोही हुशार दिसतो. 

मी पुण्याला कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. तिकडच्या इंजिनिअरनं एकच विचारलं, "सर, अँटेनाला आकाश दिसतंय का?"

"साहेब, इथं आकाशाशिवाय दुसरं काहीच नाही," मी म्हणालो आणि फोन कापला. पुण्यात बसून आम्हाला आकाश शिकवतात!

साडेअकरा होत आले होते. अप्पा स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. गाव आडरस्त्याला, आत कुठंतरी. अँटेना डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली असतो, काडेपेटीएवढा. मी म्हटलं, गाडी बाजूला घ्या, पट्टी उघडून बघतो. सवयीनं बाटलीच्या पाण्यानं हात धुतले, नंदी थाळीसकट उचलला आणि काकूंच्या मांडीवर दिला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन डॅशबोर्डवर नुसता हात ठेवला.

दोन उपग्रह. पाच. नऊ. बाण कापसातून उडी मारून रस्त्यावर आला.

नुसत्या हातानं दुरुस्ती! खोटं कशाला सांगू, क्षणभर मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

"झालं का?" म्हणत काकूंनी नंदी परत जागेवर ठेवला. सात. तीन. शून्य.

मी थाळीकडं पाहिलं. थाळीनं माझ्याकडं पाहिलं. अँटेनाच्या बरोब्बर डोक्यावर तांब्याचं झाकण. धातूतून उपग्रहाचा सिग्नल येत नाही, हे मी ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवतो.

आणि प्रत्येक खेपेला ते झाकण मी स्वतः, हात धुऊन, कपड्यात गुंडाळून, कपाटात ठेवत होतो. मग गाडी तपासत होतो.

आता भाविक माणसाला सांगायचं कसं? मी घसा साफ केला. "अप्पा, देवाला इथं ऊन लई लागतं. मागं ठेवला तर..."

"ऊन? पितळी नंदीला?" काकू मागून म्हणाल्या. "सरळ सांग की, थाळी आडवी येऊन राहिली."

"हाव," मी म्हणालो.

अप्पांनी गाडी बंद केली. "थांबा. तुमच्या वर्कशॉपात गाडी आली की तुम्ही देव काढता. म्हणून बाई तिथं नीट बोलती."

"हाव."

"हे कळायला तीन खेपा. अन् तवर माझी एक सोयरीक गेली. अन् कार्डावर माझ्याच नावानं लिहिलं, येत न्हाई म्हणून."

मी कापसाकडं बघत बसलो. तिथं बाण नव्हता, पण मला तोंड लपवायला जागा होती.

"तुमच्या काकूला घेऊन बसू दे नंदी," अप्पा चावी फिरवत म्हणाले. "महादेव काय डॅशबोर्डापुरता हाय का? तुम्ही तोंड उघडू नका आता. बाईला बोलू द्या."

बाई बोलली. देगलूरच्या अलीकडं डावीकडं, कॅनॉलवरून उजवीकडं, शाळेच्या मागून आत. बाराला पाच कमी असताना आम्ही दारात होतो. मुलाचे वडील ओट्यावर उभे, मनगटावर नजर. "वेळेचे दिसता," ते म्हणाले. अप्पांची छाती गाडीएवढी झाली. माझ्याकडं बोट करून त्यांनी ओळख करून दिली, "हे इंजिनिअर साहेब. देव धरायला आणलेत." मी पेढ्यांचा बॉक्स सांभाळत कोपऱ्यात बसलो, पोहे खाल्ले, आणि मुलगा गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा काकूंनी त्याला नाव-गाव सोडून सगळं विचारलं. सोयरीक जमली. साखरपुडा निलंग्यात झाला, मला आहेराचा टॉवेल मिळाला.

सोमवारी मात्र रिपोर्ट लिहायचा होता. एक स्क्रीन, एक अँटेना, दोन्ही चांगले असताना बदललेले. पुण्याला कारण हवं होतं. फॉर्मवर कारणांची यादी असते, त्यातून एक निवडायचं. वायर तुटली, पाणी गेलं, उंदरानं खाल्लं. माझ्यासारख्याची सोय त्यात नव्हती. "इतर" निवडून मी लिहिलं, "टेक्निशियननं गाडी रिकामी करून तपासली."

पाटील सरांनी वाचलं आणि सही केली. वॉशिंगला पाठवलं नाही. फक्त नोटीस बोर्डावरचा फोटो काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, घरी लाव.

त्यात त्यांचं चुकलं नाही. मी तीन खेपा जी गाडी तपासली ती कंपनीची होती. अप्पांची गाडी नंदीसकट होती, आणि ती मी एकदाही चालवून पाहिली नव्हती.