साहेब, सँपल आणि मंदाकाकू

हसू नका हं, पण देशासाठी ट्रायथलॉन करणारा हा तुमचा मित्र एकदा स्वतःच्या अकलेने घरी बसणार होता! पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही बंद!

आम्हा खेळाडूंना रोजचा एक तास कळवून ठेवावा लागतो, की या वेळी मी अमुक ठिकाणी सापडेन. त्या तासात डोपिंगवाले न सांगता येतात नि लघवीचं सँपल नेतात. वर्षात तीनदा सापडला नाहीत, की बंदी. मी आधीच दोनदा सापडलो नव्हतो. विसरभोळेपणा, दुसरं काय?

घर लालबागच्या चाळीत. परदेशातून एक मेडल काय आणलं, सत्कारवाले हात धुऊन मागे लागले. सकाळ-संध्याकाळ शाल नि नारळ! कंटाळून शेजारच्या मंदाकाकूंना सांगून ठेवलं, "बॅग घेऊन कोणी आलं तर सांगा, तो स्पेनला गेलाय."

काय डोकं म्हणावं!

एके दिवशी सकाळी सहाला मोरीत अंगाला साबण चोळतोय, तर दारातून काकूंचा आवाज, "रे झिला, एकाक पिटाळलंय बघ!"

"कोणाला?"

"होतो एक बॅगवालो. सँपल होया म्हणे. मी म्हटलंय, हय काय साड्यांचा दुकान आसा?"

अरे देवा, हे तर डोपिंगवाले साहेब! तसाच टॉवेल गुंडाळून तीन जिने उतरलो नि थेट रस्त्यावर! साहेब टॅक्सीत बसत होते.

"साहेब, थांबा! मीच तो!"

त्यांनी माझ्या अंगावरच्या साबणाकडे बघितलं. "स्पेनहून पोहत आलात का?"

हातापाया पडून त्यांना वर आणलं, ओळखपत्र दाखवलं. तास अजून संपला नव्हता म्हणून वाचलो. पण खरी पंचाईत पुढेच. चाळीतला संडास सामाईक, सकाळची रांग, आणि नियम असा की साहेबांनी शेवटपर्यंत समोर उभं राहून बघायचं!

रांगेत बादली घेऊन उभे असलेले तात्या ओरडले, "अरे, दोघं एकदम कुठे? आत जागा एकालाच!"

"साहेबांना बघायचंय," मी पुटपुटलो.

"काय बघायचंय?"

शेवटी काकूंच्या कानात सगळं सांगितलं. काकूंनीच सगळ्या गॅलरीला समजावलं. रांग बाजूला झाली. आत मात्र काही केल्या होईना! बाहेरून तात्या दर मिनिटाला, "झालं का रे?" काकूंनी तर नळच सोडून दिला. पाण्याच्या आवाजाने मदत होते म्हणे.

अखेर एकदाचं नव्वद मिली भरलं. कसलं हायसं वाटलं म्हणून सांगू! करिअर वाचलं राव!

बाटली धरून बाहेर आलो, तर अख्खी चाळ टाळ्या वाजवतेय. पाच देशांत फिनिश लाइन पार केलीय मी. एवढ्या टाळ्या एकाही ठिकाणी पडल्या नव्हत्या!