आईने बांधलेली बेल

माफ करा, मला लिहायची सवय नाही. एस.वाय.ला आहे, आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. आईविषयी असं चारचौघांत सांगावं का, तेही कळत नाही. तरी सांगतो.

"काय गं मावशी, इतकी वर्षं आमच्या चादरी बदलल्यास, आता स्वतःच भिजवायला लागलीस?"

इन्चार्ज सिस्टर हे वॉर्डच्या मधोमध उभी राहून बोलली. भेटायची वेळ होती. माणसं भरलेली. दोघंतिघं हसले. आईने तोंड भिंतीकडे केलं.

आई उल्हासनगरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात नऊ वर्षं साफसफाईला होती. ठेकेदाराकडून. तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन तिथेच झालं, जनरल वॉर्डात. त्या सकाळी लघवीची नळी काढली होती. एकटीने उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी घरून, बुवापाड्याहून, डबा घेऊन पोचलो तेव्हा ती ओठ चावून पडली होती. बेडपॅन हवं होतं.

प्रत्येक खाटेला वायरवर बेल असते. आईची बेल सलाइनच्या स्टँडला वर, बँडेजच्या पट्टीने आवळून बांधलेली.

"आपल्यासाठी नाही ती," आई म्हणाली. "जा, कुणाला तरी बोलाव."

मी काउंटरवर गेलो. "आले, थांब." पुन्हा गेलो. "आले म्हटलं ना!" तिसऱ्यांदा इन्चार्ज सिस्टर म्हणाली, "स्पेशल रूमची बेल वाजतेय, ऐकू येत नाही? पहले उधर जाना पडता है."

परत आलो तोवर झालं होतं. मागून सिस्टर आली आणि वर सांगितलं ते बोलली. मग चादर माझ्या अंगावर टाकली. "पोरगा आहे ना? बदल."

मी बेलकडे हात नेला. आईने मनगट धरलं.

"नको रे. मीच बांधलीय ती."

जनरलवाले उगाच दाबतात, म्हणून सगळ्या बेल वर बांधायच्या. कुणी सोडली की पुन्हा बांधायची. सिस्टरची ऑर्डर. आईचं काम. अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशीही तिनेच बांधल्या होत्या.

गाठ पक्की होती. दातांनी सोडवली. बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

"बंद कर! डोकं फिरलंय काय?" सिस्टर ओरडली.

"तिला तुम्ही साफ करा. चादर तुम्ही बदला. तोवर वाजणार."

शेवटी सिस्टरने केलं. नाक मुरडत, आईला धसमुसळेपणाने वळवत, पण केलं. आई रडत होती. लाजेने नाही. भीतीने.

तिची भीती खरी होती. टाके निघाले त्या दुपारी ठेकेदाराचा फोन आला. मीच घेतला.

"आईला सांग, आता कामावर येऊ नको."

आई शेजारीच बसली होती. तिने ऐकलं. हात जोडून मला खुणावू लागली, माफी माग, माफी माग.

"कारण लिहून द्या," मी म्हटलं. "तोंडी ऐकणार नाही."