चौथा सेल

टॉर्चला आमच्या गावात कुणी टॉर्च म्हणत नसे, बॅटरी म्हणत. माझी बॅटरी दोन सेलांची, पत्र्याची, आणि इतकी हलकी की मुरबाडच्या बाजारात विकणाऱ्याने ती देताना माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. तिचा उजेड पिवळा पडायचा, मधोमध काळा ठिपका असायचा आणि दहा पावलांपुढे झाड आहे की माणूस ते कळायचं नाही. तिला मी तीन सेलांची केली, मग चार सेलांची. त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलंच नाही, असं आता वाटतं. साठ सालाच्या पुढेमागची गोष्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि बायकोला पाचवा महिना लागला होता.

मी शेजारच्या शेणवे गावात भाताच्या गिरणीवर इंजिन सांभाळत असे. घरी आई, बायको आणि मी, एवढीच माणसं. होळी झाली की गावची विहीर तळाला जायची. मग बायका नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून खड्डा करायच्या. त्याला आमच्याकडे डवरा म्हणतात. त्यात पाणी पाझरत पाझरत यायचं, एक हंडा भरायला जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून हंड्यांची रांग लागे, आणि ती घरांच्या क्रमाने. आमचं घर गावाच्या शेवटच्या टोकाला. दिवेलागणीशिवाय आमची पाळी यायची नाही. आईचे गुडघे गेलेले, मी गिरणीवर अडकलेला. पाण्याला बायको जायची.

चैत्रात ती पहिल्यांदा पडली. हंड्याला पोचा आला होता, नडगी सोलली होती, आणि पाणी सगळं वाटेवर सांडलं होतं. मी काय केलं? ओरडलो.

"डोळे कुठं ठेवले होतेस?"

तिने खाली मान घातली. "बॅटरीचा उजेड पडत नाय ओ."

हे मला झोंबलं. गिरणीचं इंजिन अडलं की मालक मला घरून बोलावून नेई, आख्ख्या गावाची घड्याळं माझ्याकडे येत, आणि माझ्याच बॅटरीचा उजेड पडत नाही? मी मोठा मानी माणूस. ती पडली याचं वाईट वाटायचं सोडून मला बॅटरीचा राग आला, आणि त्याच संध्याकाळी मी ती खोलून बसलो.

आधी बल्बाभोवतीची चकचकीत वाटी राखेने आणि लिंबाने घासली. वरचं पांढरं पॉलिश निघून गेलं आणि आतलं पितळ उघडं पडलं. उजेड होता तोही गेला. दुसऱ्या दिवशी गिरणीला दांडी मारून मी मुरबाडच्या बाजारात कल्हईवाल्यासमोर जाऊन बसलो. "एवढ्याशा वाटीत काय चहा पिणार?" असं म्हणून तो हसला, पण त्याने नवसागर टाकून अशी कल्हई केली की वाटीत माझं नाक दिसायला लागलं. रात्री भिंतीवर उजेड पाडून मी बायकोला विचारलं, "दिसतं का?"

"दिसतं."

आठ दिवस ती नीट गेली आणि नीट आली. नवव्या दिवशी पुन्हा पडली. या वेळी हात पोटावर धरून घरी आली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तिसऱ्या सेलाचा उद्योग मी भीतीपोटी केला. बॅटरीचं बूड कापलं, तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून नळी केली आणि चुलीत तापवलेल्या सळईने कथलाचा डाग देऊन ती जोडली. बल्ब जुनाच, दोन सेलांचा. त्यात तीन सेलांचा जोर गेल्यावर तो पांढराशुभ्र पेटला. अंगणातल्या दगडाची सावली मागच्या कुडावर पडली आणि बायको हसली. त्या उन्हाळ्यात ती तेवढी एकदाच हसलेली मला आठवते. बल्ब तीन संध्याकाळी टिकला. मग तीन सेलांचा बल्ब आणला, तर उजेड पुन्हा पिवळा.

सेल तर पाण्यासारखे संपत. मी ते दिवसभर कौलांवर उन्हात ठेवायचो, चुलीच्या कडेला शेकायचो. त्याने घटकाभर जीव धरायचे, मग पुन्हा मलूल. नवे आणायला हातात काही नसायचं. होतं ते एक पपईचं झाड. आमच्या मोरीचं पाणी त्याच्या मुळाशी जाई, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा ते फळांनी लगडलेलं असायचं. शेणव्याच्या दुकानदाराला आमची पपई फार आवडायची. तो पपया घ्यायचा आणि सेल द्यायचा.

घरात ती पपई खाणार तरी कोण? आईने पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "पोटुशी बाईने पपई हुंगायची पन नाय. शेवगा नाय, भोपळा नाय. उष्ण पडतं, पोर धरत नाय." माझी आई वाईट नव्हती. तिची स्वतःची दोन पोरं पोटातच गेली होती आणि त्या भीतीने ती सुनेच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून पाही. भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, एवढंच तिला मिळायचं. एकदा मी पपया पिशवीत भरत होतो. एक फुटली होती, आत लालभडक. बायको म्हणाली, "एक फोड द्या ना ओ, कायतरी खावंसं वाटतंय." मी म्हणालो, "बाळंत झालीस की झाड तुझंच." फुटकी पपईसुद्धा मी दुकानदारालाच दिली.

वैशाखात ती घरातही धडपडायला लागली. दिवस कलला की दाराची चौकट धरून उभी राही. दिवा लवकर लाव म्हणून आईच्या मागे लागायची, आणि तेल काय फुकट येतं का म्हणून आई करवादायची. एकदा तिने माझा भात ताटाबाहेर वाढला. मी डोक्यात राख घालून ताटावरून उठलो. तो भात तिने हाताने चाचपून चाचपून गोळा केला, तेही मी पाहिलं. पाहिलं आणि कानाडोळा केला. पोटुशी आहे, दमते, असं स्वतःला समजावलं.

पाण्याला मी जातो, असं एकदाच म्हणालो. डवऱ्यावर पुरुष जात नसत. "बायकांत जाऊन उभा राहशील? लोक तोंडात शेण घालतील," आई म्हणाली.  खरं सांगायचं तर तिने नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं, कारण मला पाणी आणायचंच नव्हतं, मला बॅटरी जिंकायची होती.

मग बायको संध्याकाळी निघताना रडायला लागली. आवाज न करता, हंडा उचलता उचलता. मी तिचे खांदे धरून विचारलं, "काय होतंय तुला? सांग ना."

"काय नाय. अजून थोडा उजेड पायजे."

ती पपईची फोड सोडली, तर असं तोंडाने तिने दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी वेडापिसा झालो. चौथा सेल बसवायला पत्रा उरला नव्हता, म्हणून कळकाच्या बांबूचं पेर कापलं, आतून तार फिरवली आणि सुतळीने करकचून बांधलं. बॅटरी हातभर लांब झाली. तीन सेलांच्या बल्बात चार सेलांचा जोर. बटण दाबलं आणि समोरचा आंबा पानापानासकट उभा राहिला. आई ओट्यावर आली. शेजारची काकू आली आणि म्हणाली, "बाय गो, दुपारच झाली!"

बायको उजेडाकडे बघत राहिली. म्हणाली, "आता दिसतंय. समदं दिसतंय."

मला स्वर्ग दोन बोटं उरला. कुणी भेटलं की मी बॅटरीचा विषय काढायचो. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या पाळीच्या चार-पाच बायकांनी आपापले कंदील घरीच ठेवले. एवढा उजेड असताना रॉकेल कशाला जाळायचं? आणि आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या हाती उजेड तो पुढे चालतो, बाकीचे त्याच्या मागे. आजवर कुणाच्या तरी पदराला धरून मागे मागे येणारी माझी बायको माझ्या बॅटरीमुळे सगळ्यांच्या पुढे आली. ती नको म्हणाली होती म्हणे, पण काकूने हसून तिला पुढे ढकललं.

पाच संध्याकाळी बल्ब टिकला.

सहाव्या दिवशी गिरणीवरून आलो तर ओट्यावर गर्दी होती. बायको आत घोंगडीवर होती, लुगडं रक्ताने भिजलेलं, आणि आई तिच्या पायाशी बसून देवांची नावं घेत होती. काकूने मला बाहेर ओढलं. 

"येताना दरडीवर बत्ती गेली रे," ती म्हणाली. "आमी उभ्या राहिलो. चांदणं होतं, वाट दिसत होती. म्हटलं, थांब गो, दम घे. पन ती थांबलीच नाय. डोक्यावर हंडा घेऊन सरळ चालत गेली. वाट वळली, ती नाय वळली."

नदीकडून येणारी वाट दरडीच्या कडेने वळते, आणि खाली सहा-सात हातांवर खडक आहेत.

बैलगाडीत पेंढा टाकून तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. वाटभर ती माझा हात धरून होती आणि मी बल्बाबद्दल बोलत होतो. मला लाज वाटते, पण लिहितो. नवा बल्ब आणतो, चांगल्यातला आणतो, असं मी तिला सांगत होतो. पहाटे पोर मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. तिची बोटं नीट तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सबाई तिच्या खाटेशी आल्या. दरडीवर काय झालं ते त्यांनी मला दोनदा विचारलं. मग कंदिलाची वात खाली केली आणि तिच्यासमोर बोटं धरली. "किती?"

 मला तीन बोटं दिसत होती.

"किती आहेत, सांग."

"कंदील मोठा करा," बायको म्हणाली, आणि तिचा बांध फुटला.

तेव्हा सगळं बाहेर आलं. चैत्रापासून तिला दिवस मावळला की दिसत नव्हतं. बॅटरी जोरात असली तर उजेडाच्या गोलात तेवढं दिसे, तेही रोज कमी कमी. तिच्या मावशीला असंच झालं होतं आणि सासरच्यांनी रातांधळी म्हणून तिला माहेरी आणून सोडली होती, ती कायमची. म्हणून ही बोलली नाही. दरडीवर थांबली असती, तर दम घेऊन झाल्यावर काकूने विचारलं असतं, चांदणं आहे, आता का चालत नाहीस? मागच्या बायकांना वाट दिसत होती ना.

"हिला खायला काय घालता?" नर्सबाईंनी मला विचारलं. मी भात आणि भाकरी सांगितली. त्या वैतागल्या. "रातांधळेपण खाण्याच्या आबाळीने येतं. औषध देते, पण पोटात पिवळं-हिरवं गेलं पाहिजे. शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, पपई. खेड्यातली माणसं ना तुम्ही? पपईचं झाड नाही का दारात?"

"आहे," मी म्हणालो.

त्या पुढे काहीतरी बोलत होत्या. मला फक्त शेणव्याच्या दुकानातला तो काळा वजनकाटा दिसत होता, ज्यावर मी पपया ठेवायचो.

घरी आणल्यावर आईने स्वतः पपई कापली आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. मग ओट्याच्या कडेला जाऊन बसली. बायकोने सगळ्या फोडी खाल्ल्या, कुणाकडे न बघता, हनुवटीवरून रस गळत होता तरी. वर नर्सबाईंचं माशाच्या तेलाचं औषध. मी गिरणी सोडून दहा-बारा दिवस घरी राहिलो आणि दिवसाउजेडी डवऱ्यावरून पाणी आणलं. बायकांनी माझा हंडा न बोलता पुढे लावला. लोकांनी तोंडात शेण घातलं की नाही, मला माहीत नाही. घातलं असतं तरी चाललं असतं.

एका संध्याकाळी ती अंगणात बाजेवर बसली होती. दिवस मावळून गेला होता आणि घरात दिवा अजून लावला नव्हता. मी नवा बल्ब घालून बॅटरी तिच्याकडे घेऊन गेलो. का नेली, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडे तिला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बटणावर अंगठा ठेवून मी सवयीने विचारलं, "दिसतं का?"

"नका पेटवू," ती म्हणाली. "दिसतंय मला. तुमचं तोंड दिसतंय."

एवढे महिने मी ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते झालं होतं. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली तेव्हा मला वाटलं, हिला अजून थोडे दिवस दिसलं नसतं तर बरं झालं असतं.